जुन्या सीड्या आयपॉडमध्ये भरायच्यात? आधी हे वाचा

घरात सीड्यांचा ढीग आहे, कपाटातून डिस्कवाला जुना आयपॉड निघालाय आणि आता गाणी भरायचीत, तर लगेच कन्व्हर्ट करायला बसू नका. आधी तो प्लेअर आतून चालतो कसा ते बघा, मग बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा, किती ठेवायचा हे आपोआप कळतं.

सीडीवर आवाज सेकंदाला 44,100 वेळा मोजलेला असतो, 16 बिट, दोन चॅनेल, म्हणजे 1411 केबीपीएस (सेकंदाला किलोबिट), मिनिटाला साधारण 10 एमबी. ऑक्टोबर 2001 मध्ये पहिला आयपॉड आला त्यात डिस्क 5 जीबीची, त्यात अशी गाणी शंभर-सव्वाशेच मावली असती, पण जाहिरात होती 1000 गाण्यांची, ती एमपीथ्रीच्या जीवावर. आणि जागेपेक्षा मोठी गोष्ट बॅटरीची. ती 1.8 इंची डिस्क सतत फिरली तर चार्जिंग बघता बघता संपणार, म्हणून आत 32 एमबी रॅम दिली, डिस्क एकदा फिरून पुढची गाणी रॅममध्ये टाकते आणि गप्प बसते. फाइल छोटी असेल तर वीसेक मिनिटं गप्प, लॉसलेस, म्हणजे आवाजातलं काहीही न कापलेली, टाकलीत तर दर चार-पाच मिनिटांनी परत घुर्रर्र. डिस्क काढून एसडी कार्ड बसवलं असेल तर हा मुद्दा बराचसा निकालात निघतो.

म्हणून करायचं असं की कॉम्प्युटरवर फ्रीॲक हे सीडी उतरवून घ्यायचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे, सगळ्या सीड्या फ्लॅक या लॉसलेस फॉरमॅटमध्ये रिप करा आणि हार्डडिस्कवर ठेवून द्या, ही मूळ प्रत, हिला हात लावायचा नाही. प्लेअरसाठी यातूनच लेम या एमपीथ्री बनवणाऱ्या एन्कोडरने व्ही 2 सेटिंगवर (आकडा जितका लहान तितका दर्जा वरचा आणि फाइल मोठी) एमपीथ्री बनवा, सरासरी 190 केबीपीएसच्या आसपास येतं. आयपॉडमधलं ॲपलचं स्वतःचं सॉफ्टवेअर फ्लॅक वाजवतच नाही, तुमच्या मॉडेलवर रॉकबॉक्स हे त्याच्या जागी टाकता येणारं फुकट सॉफ्टवेअर चालत असेल तर ते वाजवतं. आणि जुनी 128 केबीपीएसची एमपीथ्री 320 करून काहीही मिळत नाही हो, फाइल फुगते, गेलेला आवाज परत येत नाही, उलट दुसऱ्यांदा कापल्याने आणखी थोडा जातो.

एमपीथ्री कापते काय, तर मोठ्या आवाजाखाली दबून कानाला ऐकूच येत नाही असा भाग. म्हणून सेटिंग तपासायला भरगच्च ऑर्केस्ट्राचं फिल्मी गाणं घेऊ नका, त्यात सगळं लपतं. तबल्याची सुटी थाप घ्या, कमी बिटरेटला थापेच्या आधीच बारीक खरखर येते, तंबोरा पाण्याखालून वाजल्यासारखा वाटतो आणि मैफिलीतल्या टाळ्यांचा तर पार चुरा होतो. अशा तुकड्यांची व्ही 2 आणि फ्लॅक फाइल फूबार या कॉम्प्युटरवरच्या प्लेअरमध्ये एबीएक्स टेस्टला लावा, म्हणजे कोणती फाइल वाजतेय ते न बघता ऐकून ओळखा. फरक कळला तर व्ही 0 करा, नाही कळला तर उगाच जागा घालवू नका. जुन्या 78 आरपीएम तबकड्यांवरून काढलेली नाट्यगीतं मुळात मोनो, म्हणजे एकाच चॅनेलची, ती मोनो 96 ला सुद्धा बहुतेक वेळा चालून जातात.

शेवटी टॅग, म्हणजे फाइलमध्ये लिहिलेलं गाण्याचं नाव, गायक वगैरे. एमपीथ्रीटॅग या टॅग लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये टॅगचा प्रकार आयडीथ्री 2.3 आणि अक्षरांसाठी युटीएफ-16 ठेवा, पण सगळा ढीग देवनागरीत टाइप करण्याआधी एकाच गाण्याचं नाव घालून स्क्रीनवर बघा, जोडाक्षरं तुटत असतील तर सरळ रोमनमध्ये लिहून मोकळे व्हा.