मुलाम्याचे दागिने मोडायला निघालात? या चुका टाळा

लग्नसराई संपून शाळांच्या फीचा महिना आला की सांगलीच्या सराफ कट्ट्यावर मोडीची गर्दी सुरू होते. त्या गर्दीत कुणीतरी हमखास मुलाम्याचा हार काउंटरवर ठेवतं आणि विचारतं, "आज भाव काय चाललाय?" भाव सोन्याचा चाललाय हो, तुम्ही आणलंय ते तांबं. काउंटरच्या या बाजूला बसून तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून लिहून टाकतोय.

वजनाला सोन्याच्या भावानं गुणणं

सगळ्यांची लाडकी चूक ही. तासगावकडचे एक गृहस्थ लक्ष्मीहार, ठुशी आणि पाटल्यांचा जोड घेऊन आले होते. वाण्याच्या काट्यावर आधीच वजन करून आलेले. "साडेआठ तोळं भरतंय," म्हणाले. त्या हिशेबावर जुन्या ट्रॅक्टरचा विसारही देऊन बसलेले. मी हाराची कडी उलटी केली आणि आतल्या बाजूनं कानस दोनदा फिरवली. पिवळं गेलं, लालसर तांबं दिसलं. त्यावर ॲसिडचा थेंब टाकला, हिरवा फेस आला. गृहस्थ हटायला तयार नाहीत. "कडी तेवढी तांब्याची असंल, पाटली बघा की." पाटली कानसली, तेच. मग खिशातून पावती निघाली. पावतीवर प्रत्येक नगापुढे 'वन ग्रॅम' लिहिलेलं, आणि यांनी धरलेलं की प्रत्येकात निदान एक ग्रॅम सोनं आहेच.

'वन ग्रॅम' हे विकायचं नाव आहे, सोन्याचं माप नव्हे. हिशेब करून बघा. सोन्याचा एक मायक्रॉन जाडीचा थर एक चौरस सेंटिमीटरवर दिला, तर सुमारे दोन मिलिग्रॅम सोनं लागतं. साठ चौरस सेंटिमीटर पृष्ठभागाच्या हारावर अर्ध्या मायक्रॉनचा मुलामा म्हणजे साठ मिलिग्रॅमच्या आत, आपल्या जुन्या मापात जेमतेम अर्धी गुंज. स्वस्तातल्या मालावर थर याहून पातळ असतो, आणि कडेला, फाशापाशी (हार अडकवायच्या आकड्यापाशी) घासून गेलेला असतो तो वेगळाच.

"मग तेवढ्याचे तरी द्या" म्हणणारेही भेटतात. आपल्याच जिल्ह्यातली विटा-आटपाडीकडची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. सराफाच्या दुकानातला केर विकत घेऊन, धुऊन त्यातून कण काढणारे झारेकरी आहेत. केरातलं सोनं न सोडणारी ही माणसं तुमच्या एका हाराला हात लावत नाहीत, कारण सोनं सोडवायचा खर्च सोन्यापेक्षा जास्त येतो. आता बोला.

घरी ॲसिडनं सोनं काढणं

मोबाईलवर व्हिडिओ बघून हे उद्योग करणाऱ्यांबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. मिरजेच्या एका कॉलेजकुमारानं आईच्या बांगड्या नायट्रिक ॲसिडमध्ये टाकल्या, तेही न्हाणीघराचं दार लावून. तांबं विरघळताना तपकिरी धूर निघतो, तो फुप्फुसाला जाळतो. त्रास कधी कधी काही तासांनी सुरू होतो, त्यामुळे माणूस आधी गाफील राहतो. पोराला दवाखान्यात ठेवावं लागलं. गंमत पुढेच आहे. नायट्रिकमध्ये तांबं विरघळतं, सोनं नाही. ते बारीक पापुद्र्यांसारखं तरंगत राहतं. यानं घाबरून ते हिरवं पाणी पापुद्र्यांसकट मोरीत ओतून दिलं. बांगड्याही गेल्या, सोनंही गेलं. ज्यांना चार दिवसांत गलाई शिकायची आहे, त्यांनी विट्याला जाऊन एखाद्या भट्टीपुढे नुसतं बसून यावं.

बाकीच्या चुका

चिंच, लिंबू, टूथपेस्ट लावून चकचकीत करून आणू नका; उरलासुरला मुलामाही जातो. मी मऊ सुती कापडानं पुसण्यापलीकडे काही करत नाही.

विकण्याआधी नवा मुलामा देऊ नका. ते पैसे परत येत नाहीत.

916 चा, म्हणजे 22 कॅरेटचा शिक्का दिसला म्हणून हुरळू नका, शिक्का कुणीही मारतो. 1 एप्रिल 2023 पासून नव्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक लागतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा.

शुद्धता तपासायच्या मशीननं सोन्याचे जास्त टक्के दाखवले म्हणून भांडू नका. मशीन वरचाच थर वाचतं. मी कानस लावल्याशिवाय बोलतच नाही.

मुलाम्याचा दागिना सोनं म्हणून पतसंस्थेत गहाण ठेवायचा विचारसुद्धा करू नका. ती फसवणूक आहे, पोलीस केस होते.

एक अपवाद मात्र नीट बघा. मुलाम्याखाली चांदी असेल तर तिचे पैसे येतात. 925 (चांदीच्या शुद्धतेचा आकडा) लिहिलेलं असेल तर खडे काढून वजन करून घ्या आणि चांदीच्या मोडीचा भाव विचारा. फॉर्मिंगच्या, म्हणजे दुसऱ्या धातूवर सोन्याचा पातळ पत्रा चढवलेल्या दागिन्यांना काही दुकानं परतीची हमी देतात, पण ती त्याच दुकानापुरती, आणि पावती असली तरच. तोंडी हमी म्हणजे वाऱ्यावरची वरात.

मग विकायचं कुठं?

सराफाकडे नाहीच. हा माल धातू म्हणून विकला जात नाही, दागिना म्हणून विकला जातो. सांगली नाट्यपंढरी आहे. नाटक मंडळींना, शाळेच्या गॅदरिंगला, नवरी सजवणाऱ्या ब्युटिशियनला भाड्यानं द्यायला असे सेट लागतात. हार, कानातले, बांगड्या सुटे विकू नका, मूळ डब्यासह पूर्ण सेट द्या. खरेदीच्या निम्मे मिळाले तर घासाघीस न करता घ्या. फोटो पाठवताना मागची बाजू आणि फासाही दाखवा, तांबं उघडं पडलं असेल तर आधीच सांगा. नाहीतर गिऱ्हाईक घरी येऊन, चहा पिऊन रिकाम्या हातानं परत जातं.