डीएनएस बदललं तरी नेट अडखळतंय? या चुका टाळा

चालू व्हिडिओ कॉल तुटत नाही, पण नवी वेबसाइट काही केल्या उघडत नाही. असं झालं की बहुतेकदा दुखणं इंटरनेट कंपनीच्या डीएनएस सर्व्हरचं असतं. वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आकड्यांचा पत्ता, शोधून देणं हे त्याचं काम. तो गप्प बसला की लाइन ठणठणीत असूनही नेट बंद वाटतं. मग राउटरच्या किंवा फोन-लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये त्याच्या जागी दुसऱ्या सेवेच्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता भरतात.

सेटिंगला हात लावण्याआधी कमांड प्रॉम्प्टमधून (विंडोजची आदेश टाइप करायची खिडकी) गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग करा, म्हणजे तिथून उत्तर येतं का ते पाहा. इथे उत्तर येतं, पण गूगल डॉट कॉमला पिंग केलं की होस्ट सापडत नाही, तर डीएनएसवर संशय घ्या. दोन्हीकडून उत्तर नसेल तर लाइनच गेलेली असण्याची शक्यता जास्त. केबलवाल्याला फोन लावा.

सगळ्यात नडते ती अर्धवट बदलाची चूक. डीएनएसच्या पहिल्या रकान्यात १.१.१.१ टाकायचा आणि दुसऱ्यात 'असू दे बॅकअपला' म्हणून कंपनीचाच जुना पत्ता ठेवायचा. पहिला बंद पडला तरच दुसऱ्याला विचारलं जातं, हा गैरसमज आहे. कित्येक राउटर दोघांनाही विचारतात. मग तीच साइट सकाळी उघडते, दुपारी उघडत नाही, आणि कारण सापडता सापडत नाही. त्यापेक्षा नेट पूर्ण बंद पडलेलं परवडलं! जोडी एकाच सेवेची ठेवा: क्लाउडफ्लेअरचे १.१.१.१ आणि १.०.०.१, गूगलचे ८.८.८.८ आणि ८.८.४.४, किंवा क्वाड नाइनचे ९.९.९.९ आणि १४९.११२.११२.११२. क्वाड नाइन घातक साइट अडवतं; त्याच्या जोडीला गूगल ठेवलं तर ती राखण निम्मी वाया जाते.

याचाच भाऊ म्हणजे विसरलेला आयपीव्ही६. ही आयपी पत्त्यांची नवी पद्धत; वरचे चार आकड्यांचे पत्ते जुन्या आयपीव्ही४ चे. कनेक्शनवर तो चालू असेल आणि तुम्ही फक्त आयपीव्ही४ चे रकाने भरले असतील, तर कंपनीचा सर्व्हर मागच्या दाराने कामावर असतोच. गूगलसाठी तिथे २००१:४८६०:४८६०::८८८८ भरा.

अँड्रॉइड ९ पासून फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' आहे. तिथे आकडे चालत नाहीत, सर्व्हरचं नाव लागतं. गूगलचं 'डीएनएस डॉट गूगल', अर्थात इंग्रजीत आणि डॉटच्या जागी टिंब. हे चालू असताना स्टेशनवरच्या किंवा हॉटेलातल्या वायफायचं लॉगिन पान कधीकधी येतच नाही. तेवढ्यापुरतं 'ऑटोमॅटिक' करा.

डाउनलोडचा वेग वाढेल ही आशा मात्र सोडा. साइट उघडायला लागणारा पहिला क्षण कमी होईल, १०० एमबीपीएसचा प्लॅन तेवढाच राहील.

राउटरमध्ये बदल केल्यावर फोन-लॅपटॉप वायफायवरून काढून पुन्हा जोडा. मग 'एनएसलूकअप' (कोणता डीएनएस सर्व्हर उत्तर देतोय ते दाखवणारी कमांड) चालवल्यावर सर्व्हर म्हणून १९२.१६८.१.१ दिसला, तर बदल झालाच नाही असं समजू नका. तो तुमचाच राउटर आहे, प्रश्न पुढे पाठवणारा. कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये डीएनएसचे रकाने कुलूपबंद असतील, तर प्रत्येक उपकरणावर वेगळं सेटिंग करावं लागतं. ऑफिसचा लॅपटॉप मात्र त्यातून वगळा. ऑफिसच्या आतल्या साइटची नावं बाहेरच्या डीएनएसला ठाऊक नसतात.