फोटोग्राफर ठरवताना या चुका टाळा

“चार तासांचे एवढे पैसे?” हा प्रश्न प्रत्येक फोटोग्राफरला ऐकावा लागतो. पुढे होणाऱ्या बऱ्याच घोळांची सुरुवातही तिथूनच होते.

तासांवर भागाकार करणं

चार तासांच्या समारंभात हजार-बाराशे फ्रेम, म्हणजे फोटो, सहज निघतात. त्या कार्डांवरून उतरवायच्या, मग एकेक बघून मिटलेले डोळे, हललेले हात, एकसारख्या पाच-पाच फ्रेम बाजूला काढायच्या. फ्रेममागे ५ सेकंद धरले तरी १,२०० फ्रेमना १०० मिनिटं लागतात, आणि ही फक्त पहिली चाळणी. त्यातले ४०० फोटो ठेवून प्रत्येकाचा रंग, उजेड आणि क्रॉप यांवर २ मिनिटं घालवली की तेरा तासांहून जास्त वेळ जातो. चेहऱ्यांचं रिटचिंग (डाग, चमक काढणं), अल्बमची मांडणी आणि तुम्ही सांगाल त्या दुरुस्त्या अजून यात धरलेल्याच नाहीत. म्हणजे चार तासांच्या शूटमागे वीसेक तासांचं काम असतं. वर दोन कॅमेरा बॉडी, लेन्स, फ्लॅश, सॉफ्टवेअर, विमा आणि दुरुस्ती यांचा खर्च वेगळा.

म्हणून “तासाला किती?” विचारू नका. एडिट केलेले फोटो किती, त्यातले रिटच केलेले किती, कधी मिळणार, आणि शूटला स्वतः कोण येणार, हे चार प्रश्न विचारून मगच दोन कोटेशन शेजारी ठेवा. स्वस्त कोटेशनमध्ये बहुधा दुसरा फोटोग्राफर, अल्बम, प्रवास किंवा जादा तास यांपैकी काहीतरी गाळलेलं असतं. “काढलेले सगळे फोटो देऊ” या वाक्यावर तर अजिबात खूश होऊ नका. निवडीचं काम तुमच्या गळ्यात पडलं, एवढाच त्याचा अर्थ.

बॅकअपबद्दल न विचारणं

या चुकीची किंमत सर्वांत जास्त आहे आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी विचारलं जातं. घडतं ते असं. एका कार्ड-स्लॉटचा कॅमेरा. मुख्य विधी संपतो, कार्ड भरतं, फोटोग्राफर ते काढून खिशात टाकतो. त्याच खिशात रिकामी कार्डंही असतात. तासाभराने घाईत भरलेलंच कार्ड परत आत जातं, फॉरमॅट होतं आणि त्यावर जेवणाच्या पंगतीचे शंभर फोटो काढले जातात. नुसतं फॉरमॅट झालं असतं, तर रिकव्हरी सॉफ्टवेअरने बरंच परत मिळालं असतं. पण ज्या जागेवर नवे फोटो लिहिले गेले तिथले जुने कायमचे गेले. अ‍ॅडव्हान्स परत मिळेल, विधी परत होत नाही.

कॅमेरा एकाच वेळी दोन कार्डांवर तोच फोटो लिहितो का, हे थेट विचारा. लिहीत असेल तर एक कार्ड बिघडलं तरी दुसरं हातात राहतं. नंतर तीन प्रती, त्यातली एक वेगळ्या ठिकाणी, हा किमान नियम. १,२०० रॉ फाइल (कॅमेऱ्यातल्या कच्च्या, एडिट न केलेल्या फाइल), प्रत्येकी ३० एमबी धरली तर सगळा डेटा ३६ जीबी होतो. एवढ्यासाठी दुसरी हार्ड डिस्क नसेल तर त्या माणसाला काम देऊ नये. कार्डांना क्रमांक घालणारा, भरलेलं कार्ड डबीत उलटं ठेवणारा आणि दोन ठिकाणी प्रत झाल्याशिवाय फॉरमॅटला हात न लावणारा फोटोग्राफर चार पैसे जास्त घेत असला तरी घ्यावा.

निवडक वीस फोटो पाहून भुलणं

वर्षभरातले वीस चांगले फोटो कोणाकडेही निघतात. एका समारंभाची पूर्ण गॅलरी मागा आणि त्यातले बंद सभागृहातले, रात्रीचे फोटो आधी उघडा. लेन्सचं तोंड किती उघडतं ते एफच्या आकड्यावरून कळतं, आकडा मोठा तितका उजेड कमी: एफ २.८ च्या लेन्सपेक्षा एफ ५.६ वर चौथा हिस्साच उजेड आत येतो. मग शटरचा वेग तेवढाच ठेवायचा तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता दाखवणारा आकडा, ३२०० चा १२८०० होतो, आणि काळ्या केसांत, गडद कपड्यांत दाणे दिसू लागतात. फ्लॅश सरळ तोंडावर मारला असेल तर कपाळ चमकतं आणि मागच्या भिंतीवर डोक्याची काळी सावली उमटते. रंगीत एलईडीखाली चेहरे जांभळे पडले असतील तर तेही नीट बघा. चांगला फोटोग्राफर आधी येऊन दिवे पाहून जातो.

बाकीच्या चुका थोडक्यात. दर घासून खाली आणू नका, काम कमी करा: अल्बम नको म्हणा, तास कमी करा. कॅमेरा असलेल्या पाहुण्यावर सगळी भिस्त ठेवू नका, तो पाहुणा म्हणून आलेला असतो. ग्रुप फोटोंची यादी आधी द्या. एका ग्रुपला ४ मिनिटं लागतात, म्हणजे १५ ग्रुपना तासभर. रॉ फाइलचा हट्ट धरू नका, ते अर्धवट काम आहे. “उद्याच सगळे हवेत” असं म्हणालात तर घाईने केलेलं एडिटिंगच हाती येईल. पंधरा-वीस फोटो लगेच मागा, बाकीच्यांना लेखी तारीख घ्या. फोटो कोण कुठे वापरणार, जाहिरातीत चालतील का, फोटोग्राफर आजारी पडला तर कोण येणार, हेही त्याच कागदावर लिहून घ्या, कारण मालकी हक्काचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोच्या रूपात आलेली प्रत छापायला देऊ नका, ती लहान केलेली असते. १२ बाय १८ इंचाच्या चांगल्या प्रिंटला ३,६०० बाय ५,४०० पिक्सेल लागतात. एडिट केलेली पूर्ण आकाराची फाइल लिंकवरून किंवा पेन ड्राइव्हवर घ्या, आणि मिळाल्याच्या दिवशीच तुमच्याकडेही दुसरी प्रत करून ठेवा.