गुरगुरणाऱ्या कुत्र्याला गप्प करू नका

जेवणाच्या भांड्याजवळ गेलं की कुत्रा गुरगुरतो, म्हणून पुष्कळ मालक त्याला दरडावतात, फटका देतात, नाहीतर उताणं पाडून दाबून धरतात. त्याने आवाज थांबतो, भीती तशीच राहते, आणि पुढच्या वेळी कुत्रा इशारा न देता चावू शकतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २००९ मध्ये मालकांची पाहणी प्रसिद्ध केली. मारणाऱ्या-लाथाडणाऱ्यांपैकी ४३ टक्के आणि उताणं पाडणाऱ्यांपैकी ३१ टक्के मालकांवर कुत्रा उलटला होता.

वागणं अचानक बदललं असेल तर आधी पशुवैद्याला दाखवा. कान, दात, सांधे ठणकत असतील तर शिकवून काही उपयोग नाही.

एरवी सुरुवात अंतरापासून करा. मुलांना दुसऱ्या खोलीत ठेवा. तुम्ही कुठे असताना कुत्रा सैल अंगाने, एका लयीत खातो ते पाहा. टक लावून बघू नका. समजा, ते अंतर आठ फूट निघालं. तिथून चालता चालता भांड्याशेजारी उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा टाका आणि न थांबता निघून जा. एका जेवणात पाच-सहा वेळा पुरे. तुमची चाहूल लागताच तो मान वर करून आशेने बघू लागला, की पुढच्या जेवणाला अर्धा फूट जवळून जा.

गुरगुरण्याआधी त्याचं अंग बोलतं. खाता खाता तो एकदम ताठरतो, घास भराभर गिळतो, भांड्यावर ओणवतो, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसतं. असं झालं तर लगेच मागे व्हा आणि पुढच्या वेळी दोन फूट लांबून सुरू करा.

बिघडतं ते घाईने. चार दिवस बरे गेले की मालक भांड्यात हात घालून बघतो. ‘सवय व्हावी’ म्हणून भरलं भांडं उचलणं तर सगळ्यात वाईट. आपलं जेवण हिसकावलं जाणार, ही त्याची भीती तुम्ही खरी करून दाखवता. घरात एक जण तुकडा टाकतो आणि दुसरा ओरडतो, तिथेही मेहनत वाया जाते.

फिरायला नेतानाही तेच: समोरून दुसरा कुत्रा दिसताच साखळी खेचू नका, लांबूनच वळा.

आधीच चावा घेतला असेल तर हे एकट्याने करू नका. कुत्र्यांच्या वर्तनाचा अभ्यास असलेल्या पशुवैद्याला गाठा. तोवर धाप टाकता येईल असा जाळीचा मझल, म्हणजे चावता येऊ नये म्हणून तोंडावर बसवायचा मुसका, आणा, आत खाऊ ठेवा आणि त्याला आपणहून तोंड घालू द्या. मझलचा पट्टा लगेच आवळू नका.