गोल खांबाभोवती टाइल्स बसवताना या चुका टाळा

नागपुरात नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यास) जुन्या लेआउटमधली पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची घरं आठवा. पोर्चात गोल खांब आणि पुढे अर्धगोल पायऱ्या. तेव्हा खाली चिप्सचं मोझॅक जागेवरच ओतायचे. ओला माल खांबाला आपसूक लपेटून बसायचा, गोल कापायची वेळच कुणावर यायची नाही. आता त्याच पोर्चात दोन बाय दोनची व्हिट्रीफाइड लावायला घेतली की खांबापाशी येऊन सगळ्यांचं कसब उघडं पडतं. आमच्या मानेवाड्याच्या घरी मिस्त्रीने खांबाभोवती सरळ आठ काप मारले आणि उरलेल्या तिकोनी फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवल्या. "ग्राउट भरला का दिसत नाही भाऊ काही," म्हणाला. दिसलं. एक पावसाळा गेला आणि खांबाभोवती तड्यांची माळ उठली.

दुसऱ्यांदा काम केलं तेव्हा मी शेजारी उभा होतो आणि काही तुकडे स्वतः कापले. तेव्हा कळलं, बहुतेक चुका ग्राइंडर सुरू होण्याआधीच झालेल्या असतात.

खांबाचा विचार शेवटी करणे

दारापासून लावत यायचं आणि खांब जिथे येईल तिथे येऊ द्यायचा, ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. खांब नेमका एका टाइलच्या पोटात आला, तर मधोमध भोक पाडून ती वरून उतरवता येत नाही. खांब छताला टेकलेला असतो. टाइल दोन तुकड्यांत कापावीच लागते आणि नको तिथे सांधा दिसतो. खांब टाइलच्या कडेजवळ आला तर आणखी पंचाईत. दोन बोटं रुंदीची मान उरते आणि कापताना वाचली तरी बसवताना मोडते.

म्हणून आधी टाइल्स कोरड्याच मांडून पाहा. चार टाइलांचा कोपरा खांबाच्या मध्यावर आणला, तर प्रत्येकीच्या कोपऱ्यातून फक्त पाव वर्तुळ जातं. यापेक्षा सोपा गोल काप नाही. तेवढं जमत नसेल तर निदान एक सांधा तरी खांबाच्या मध्यातून जाऊ द्या. दोन खांब असले की दोघांचंही समाधान होत नाही; फाटकातून येताना जो आधी डोळ्यात भरतो त्याची बाजू घ्या. पलीकडे भिंतीलगत टाइलच्या एक तृतीयांशाहून बारीक पट्टी उरत असेल तर मांडणी पुन्हा सरकवा. यात अर्धा दिवस जातो. जाऊ द्या.

मापावर विश्वास, साचा नाही

खांबाला दोरी गुंडाळा, परीघ ९४ सेंटिमीटर भरला तर ३.१४ ने भागून व्यास ३० सेंटिमीटर. हिशोब बरोबर आहे, खांब मात्र नाही. प्लास्टर हाताने केलेलं असतं, एका बाजूला पोट आणि दुसऱ्या बाजूला खळगा. कंपासने काढलेलं वर्तुळ एकीकडे टेकतं आणि दुसरीकडे बोटभर फट सोडतं.

मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या. खांबाला लावा, कापा, पुन्हा लावा, फट सगळीकडे सारखी दिसेपर्यंत. प्रत्येक टाइलचा साचा वेगळा. आणि साच्यावर मोठ्या अक्षरात 'वर' लिहा, क्रमांक टाका, दाराच्या दिशेचा बाण काढा. मी एकदा साचा उलटा ठेवला आणि आरशातला तुकडा कापून बसलो. उलट बाजू वर करून तो वापरता येत नाही हे सांगायला नकोच.

अर्धगोल पायरीवर तर प्रत्येक तुकडा पाचरीसारखा निघतो. तिथे साच्यांशिवाय पर्यायच नाही. पाचरीचं आतलं टोक फार निमुळतं ठेवू नका, पाय पडताच उडतं.

एकाच दमात गोल कापणे

ग्राइंडरची चकती सपाट असते. ती आतल्या गोलाईत खोल घातली की मागची कड घासते, काप फाकतो आणि चकाकी झडते. कड दातरी निघाली तर कारण बहुधा हेच, नाहीतर ब्लेड चुकीचं. सलग कडेचं डायमंड ब्लेड लावा, खाचांचं काँक्रीटसाठी असतं. टाइलची चकाकी वर ठेवा आणि रेषेवरून आधी जेमतेम एक-दोन मिलिमीटर खोल फिरवा. मग टाकाऊ बाजूने कंगव्याच्या दातांसारखे सरळ काप रेषेच्या अलीकडपर्यंत घ्या, ते दात पकडीने एकेक मोडा आणि उरलेली खडबडीत कड डायमंड पॅडने घासून रेषेवर आणा. शेवटचा मिलिमीटर नेहमी घासूनच. चौकोनी खाचेत आतला कोपरा येत असेल तर तिथे आधी ६-८ मिलिमीटरचं छिद्र पाडा. टोकदार कोपऱ्यातूनच तडा पुढे धावतो.

ब्लेडवरचं गार्ड काढून काम करणारे खूप आहेत. त्यांची बोटं मोजून पाहा. लाकूड कापायची दातेरी चकती ग्राइंडरला कधीच लावू नका. कोरडं कापताना उडणारी धूळ सिलिकाची असते आणि ती फुप्फुसात कायमची बसते. तोंडाला रुमाल बांधून ती अडत नाही, नीट बसणारा मास्क लागतो. साध्या ग्राइंडरवर बाटलीने पाणी ओतणं म्हणजे शॉकला आमंत्रण. पाण्याची सोय असलेलं कटर आणा आणि ते ईएलसीबी (करंट गळताच लाइन तोडणारा स्विच) असलेल्या लाइनवरच चालवा.

फट ठेवायची लाज

मिस्त्री खांबाला टाइल अगदी टेकवतात, त्यात त्यांना सफाई वाटते. आपल्याकडे ही सफाई टिकत नाही. खांब स्वतःच्या पायावर खाली मुरमापर्यंत गेलेला असतो आणि पोर्चची फरशी भरावावर बसलेली. भरावाखाली काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. फरशी हलते, खांब हलत नाही. टेकलेली टाइल मग एकतर तडकते किंवा उचलली जाते.

चारी बाजूंनी ५-६ मिलिमीटर फट ठेवा. तिच्यात फोमची दोरी दाबून वरून टाइलच्या रंगाचं सिलिकॉन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा. ग्राउट नको, पांढरं सिमेंट तर नकोच. आमच्याकडे तडे पडले त्याचं खरं कारण हे होतं, आठ सरळ काप हे फक्त कुरूप होते.

खांबालाच मोठी टाइल चिकटवणे

हा हट्ट हिशोबाने सोडवा. पट्टीच्या रुंदीचा वर्ग करा, त्याला त्रिज्येच्या आठपटीने भागा. पट्टीची कड खांबापासून साधारण तेवढी उचललेली राहते. १५० मिलिमीटर त्रिज्येच्या खांबावर १०० मिलिमीटरची पट्टी सुमारे ८ मिलिमीटर उचलते, ५० ची २, आणि २५ ची मोझॅक टाइल अर्धाच. म्हणजे खांबाला मोझॅकच.

मे महिन्यात दुपारी काम

पारा ४५ वर असताना पसरलेल्या अ‍ॅडहेसिव्हवर काही मिनिटांत साय धरते. बोट लावा, बोटाला माल लागला नाही तर तो खरवडून फेका. वर पाणी शिंपडून जिवंत होत नाही. पहाटे सुरू करा, अकराला थांबा. व्हिट्रीफाइड टाइल जवळजवळ पाणी पीतच नाही, म्हणून नुसत्या सिमेंटच्या घोळावर तिची पकड बसत नाही. आयएस १५४७७ छापलेली अ‍ॅडहेसिव्हची पिशवी घ्या आणि गोल कापलेल्या छोट्या तुकड्यांना मागूनही माल फासा.

दुसऱ्या दिवशी रबरी हातोडीने ठोकून पाहा. खांबाजवळचा तुकडा भदभद वाजला तर आत्ताच काढा. शेजारी कूलर ठेवणार असाल तर नक्कीच, कारण चार महिने झिरपणारं पाणी आधी त्या पोकळीतच शिरतं.

उरलेल्या पाच-सहा टाइल्स खोक्यासकट ठेवा. खोक्यावरच्या बॅच आणि शेडच्या क्रमांकाशिवाय पुन्हा तोच रंग मिळत नाही. पुठ्ठ्याचे साचेही त्यातच टाका. आमचे अजून माळ्यावर आहेत, एकावर मिठाईवाल्याचं नाव आणि त्याखाली मोठ्या अक्षरात 'वर'.