‘क्लोज’ एकच, उच्चार दोन: या चुका टाळा

‘द ऑफिस इज क्लोज टुडे.’ असा निरोप मी कितीदा तरी वाचलाय. लिहिणाऱ्याला सांगायचं असतं की आज ऑफिस बंद आहे. पण इंग्रजीत त्याचा अर्थ होतो, ऑफिस आज जवळ आहे!

घोळ होतो तो ‘ओपन’मुळे. दार ओपन कर, दार ओपन आहे. दोन्हीकडे शब्द तोच. त्याच चालीवर आपण ‘क्लोज’ही वापरतो आणि फसतो. मनातल्या वाक्यात ‘बंद कर’ असेल तर क्लोज, ‘बंद आहे’ असेल तर शेवटी डी लावून क्लोज्ड.

उच्चाराची चूक मात्र भल्याभल्यांची होते. स्पेलिंग तेच, पण ‘बंद करणे’ म्हणताना शेवटी ‘आवाज’मधला ज येतो, म्हणजे क्लोझ. ‘जवळचा’ म्हणताना चक्क स: क्लोस. म्हणून जिवलग मित्र हा क्लोस फ्रेंड. क्लोसर, क्लोसली, क्लोस-अप हे सगळे स-वाले; क्लोझ्ड, क्लोझिंग झ-वाले. (मराठी बोलताना ‘क्लोज फ्रेंड’ खुशाल म्हणा, तिथे कुणी अडवणार नाही.)

फरक जमत नसेल तर शेवटच्या अक्षरावर जोर देत बसू नका. त्याआधीचा ‘ओ’ बघा: क्लोझमध्ये तो किंचित लांबतो, क्लोसमध्ये झटकन तुटतो. ऐकणाऱ्याला बरंचसं त्यावरूनच कळतं.

दोन्ही अर्थांचं मूळ एकच, लॅटिनमधलं ‘क्लाउसुस’, म्हणजे बंद केलेलं. मधली फट बंद झाली की दोन गोष्टी जवळ येतात, तसा हा अर्थ सरकला. अटीतटीचा सामना ‘क्लोस मॅच’ होतो तो त्यामुळेच, दोघांत अंतरच उरत नाही. ब्रिटनमध्ये तर कोंदट, घुसमटवणाऱ्या हवेलाही क्लोस म्हणतात.

आणखी एक. मराठीत दार, दिवा, पंखा सगळं ‘बंद’च होतं, म्हणून ‘क्लोज द लाइट’ तोंडात येतं. दिव्या-पंख्याला ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ म्हणा.

आणि कपड्यांना ‘क्लोथ्स’ म्हणताना जीभ अडखळते ना? रोजच्या बोलण्यात बरेच इंग्रजी भाषकही तिथे सरळ ‘क्लोझ’ म्हणून मोकळे होतात.