ऑनलाइन चर्चेत नवीन आहात? पहिला प्रश्न असा विचारा

नवीन ग्रुपमध्ये कसं वागावं यावर जे काही लिहिलेलं सापडतं त्यात दोन सल्ले ठरलेले असतात. एक, ‘घाबरू नका, कुठलाच प्रश्न मूर्ख नसतो’. दोन, ‘नम्र राहा’. पहिला साफ खोटा आहे आणि दुसरा बरोबर असला तरी नुसत्या त्याने काम होत नाही. चार वेळा ‘कृपया’ लिहिलेले, हात जोडलेल्या इमोजींनी सजवलेले प्रश्न उत्तराविना पडून राहतात आणि एखादा रोखठोक, जरासा उद्धटच वाटणारा पण नीट मांडलेला प्रश्न आला की पाच जण धावून येतात, हे मी विचारणारी म्हणूनही बघितलंय आणि उत्तरं देणारी म्हणूनही. त्यामुळे उत्तर मिळेल असं काय करायचं तेवढंच बघू.

अकाउंट

काढा. नाव असं घ्या की समोरच्याला हाक मारता येईल. आयडी एकच ठेवा, डुआयडी (दुसरा, खोटा आयडी) काढून स्वतःच स्वतःला +१, म्हणजे ‘सहमत’, देणारे लिहिण्याच्या ढबीवरून पकडले जातातच.

आधी वाचा

नियमांचं पान वाचा, वर चिकटवलेले धागे, म्हणजे एकेका विषयावरच्या चर्चा, वाचा, आणि मग दहा-पंधरा जुने धागे उघडून फक्त एवढंच बघा की कोणाला पटकन उत्तर मिळालं आणि कोणाला नाही. तिथली रीत त्यातच कळते. १९९५ साली आरएफसी १८५५ नावाचं एक टिपण निघालं होतं, इंटरनेटवर कसं वागावं याबद्दलचं, इंटेलमधल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी लिहिलेलं, त्यात तर स्पष्ट म्हटलंय की काही लिहायच्या आधी एक ते दोन महिने नुसतं वाचा. आता एवढं कोण थांबतंय, आणि अडलेल्या माणसाने थांबूही नये. पण असं सांगायची वेळ का आली ते बघण्यासारखं आहे. यूजनेट म्हणून १९८० पासून चाललेलं चर्चेचं एक जाळं होतं, त्यात विद्यापीठांतले लोक भरपूर, त्यामुळे दर सप्टेंबरला नव्या विद्यार्थ्यांचा लोंढा यायचा, थोडे दिवस गोंधळ घालायचा आणि मग जुन्यांचं बघून वळणावर यायचा. १९९३-९४ च्या सुमारास अमेरिका ऑनलाइनसारख्या, घरोघरी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी आपले ग्राहक तिथे आणून सोडले आणि लोंढा थांबलाच नाही. त्या १९९३ च्या सप्टेंबरला जुनी मंडळी ‘न संपणारा सप्टेंबर’ म्हणतात. तेव्हा कोणी तुमच्यावर खेकसलं तर मनाला लावून घेऊ नका, तोच प्रश्न शंभराव्यांदा बघितल्याचा वैताग असतो तो, आणि त्यात तुमचा वाटा शंभरातला एक.

जुने धागे शोधताना ग्रुपची स्वतःची शोधपेटी बहुतेक ठिकाणी कुचकामी असते. त्यापेक्षा गूगलमध्ये इंग्रजीत ‘साइट’, त्याला चिकटून कोलन, त्याला चिकटून त्या संस्थळाचा, म्हणजे वेबसाइटचा, पत्ता आणि मग तुमचे शब्द असं टाका, म्हणजे फक्त तिथलंच सापडेल. एरर मेसेज असेल तर तो जसाच्या तसा अवतरणचिन्हांत टाका. सापडलेल्या उत्तराची तारीख बघा, आठ वर्षांपूर्वीची सेटिंग्ज आज त्या जागी नसतात.

ओळख करून देणं

नमनाला घडाभर तेल नको. ओळखीसाठी वेगळा धागा असेल तर तिथे दोन ओळी, नसेल तर थेट प्रश्नावर या.

प्रश्न लिहिणं

इथेच सगळ्यांचं घोडं अडतं. मलाही सगळ्यात जड गेलं ते हेच, त्यामुळे यावर मी जरा लांबण लावणार आहे.

सुरुवात शीर्षकापासून. ‘मदत हवी’, ‘जाणकारांनी मार्गदर्शन करावे’, ‘अर्जंट!!!’ ही शीर्षकं नाहीत. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत म्हणून ओरडायची सगळी हौस लोक उद्गारचिन्हांवर भागवतात, पण ज्याला उत्तर येतं तो माणूस वीस शीर्षकांवरून नजर फिरवून आपल्याला जमेल असं एखादं उघडतो, त्याला त्या उद्गारचिन्हांतून काहीच कळत नाही. शीर्षकात तीन गोष्टी हव्यात: वस्तू कुठली, होतंय काय, आणि कधी होतंय. ‘शिलाई मशीन प्रॉब्लेम’ हे वाईट शीर्षक. ‘होजियरीच्या कापडावर शिवताना टाके सुटतायत, सुती कापडावर नाही’ हे चांगलं. दुसरं वाचून अनुभवी माणसाच्या डोक्यात धागा उघडायच्या आधीच अर्धं उत्तर तयार असतं, आणि अर्धं उत्तर तयार असलं की लिहायचा मोह आवरत नाही. तो मोह पाडणं हेच तर तुमचं काम आहे.

आता मुख्य दुखणं. लोक ताकाला जाऊन भांडं लपवतात. म्हणजे मूळ अडचण एक असते, ती सुटण्यासाठी काय करायला हवं याचा अंदाज त्यांनी मनातल्या मनात बांधलेला असतो, आणि विचारतात फक्त त्या अंदाजाबद्दल. ग्रुपवर प्रश्न येतो: ‘मशीनला १६ नंबरची सुई घेऊ की १८?’ बास, एवढंच. कोणी म्हणतो १६, कोणी म्हणतो मशीन कुठलं, कोणी म्हणतो जीन्स शिवताय का, तीस प्रतिसाद होतात, दोघं एकमेकांशी भांडायला लागतात. शेवटी दुसऱ्या दिवशी बाई सांगतात की टीशर्टचं कापड शिवतेय, टाके सुटतायत, मला वाटलं सुई बारीक आहे म्हणून जाड घ्यावी. आता होजियरीवर टाके सुटत असतील तर नंबर वाढवून सहसा उपयोग नसतो, तिथे टोक गोलसर असलेली बॉलपॉइंट किंवा स्ट्रेच सुई लागते, ती कापडाचे धागे भोसकत नाही, बाजूला सारून जाते. हे दोन मिनिटांत मिळालं असतं. पण भांडं पदराआड होतं ना!

यावर उपाय एकच, आणि तो मी अजूनही प्रत्येक वेळी करते. प्रश्न लिहून झाला की स्वतःला विचारायचं, ‘हे मला कशासाठी हवंय?’ जे उत्तर येईल ते प्रश्नाच्या वर लिहायचं. मग त्यावर पुन्हा एकदा ‘आणि ते कशासाठी?’ दोनदा पुरतं, तिसऱ्यांदा विचारलंत तर आयुष्याचा हेतू वगैरे निघायला लागतो. तुमचा अंदाजही खाली लिहा, तो लपवायची गरज नाही, फक्त तो अंदाज आहे असं सांगा.

दुसरी गोष्ट, दिसलं ते लिहा, निष्कर्ष नको. ‘मशीन खराब झालंय’ हा निष्कर्ष झाला आणि तो चुकीचा असण्याची शक्यताच जास्त, कारण बरोबर निष्कर्ष काढता आला असता तर तुम्ही इथे आलाच नसता. ‘पाच-सहा टाके नीट पडतात, मग एक सुटतो, कापड ताणलं की जास्त सुटतात’ हे दिसलेलं. कॉम्प्युटरचं असेल तर एरर शब्दशः, कॉपी-पेस्ट करून. ‘काहीतरी एरर येतोय’ असं लिहिणाऱ्यांना काय म्हणावं मला कळत नाही, तो मेसेज तुमच्यासमोर आहे, आमच्यासमोर नाही! आणि स्क्रीनचा मोबाइलने तिरका काढलेला, मध्ये फ्लॅशचा गोळा आलेला फोटो टाकू नका. फोटोतले शब्द सहज कॉपी करता येत नाहीत, उद्या त्याच अडचणीत सापडलेल्याला शोधून सापडत नाहीत, आणि ज्यांना दिसत नाही अशी माणसं स्क्रीन रीडरवर ऐकून उत्तरं देत असतात त्यांना तर तुमचा प्रश्नच कळत नाही. फोटो वस्तूंचे काढा, आणि उजेडात. शिवणीचा फोटो असेल तर उलट-सुलट दोन्ही बाजू.

तिसरी, काय करून बघितलं आणि त्याने काय झालं. लोकांना वाटतं हे आपण किती कष्ट घेतले ते दाखवण्यासाठी असतं. तसं काही नाही, कष्टांचं कोणाला पडलेलं नसतं. सुई बदलून बघितली असं तुम्ही लिहिलं नाहीत तर पहिले चार जण ‘सुई बदलून बघा’ लिहिणार आणि पाचव्याने, ज्याला खरं उत्तर येत होतं त्याने, एवढे प्रतिसाद आलेत म्हणजे सुटलं असेल समजून पुढे गेलेलं असणार. ‘सगळं करून बघितलं’ हे वाक्य तर बंदच करायला हवं.

सगळं मिळून प्रश्न साधारण असा दिसतो:

‘घरी घालायचा टीशर्ट शिवतेय, कापड ताणलं जाणारं होजियरीचं. पाच-सहा टाक्यांनी एक टाका सुटतो. त्याच मशीनवर सुती कापड नीट शिवलं जातं. सुई साधी, १४ नंबर, नवीन बसवली, फरक नाही. दोरा पुन्हा ओवला, वरच्या दोऱ्याचं टेन्शन कमी करून बघितलं, फरक नाही. मला वाटतंय सुई जाड हवी, पण खात्री नाही. शिवणीच्या दोन्ही बाजूंचे फोटो खाली. काय बदलून बघू?’

एवढंच. शेवटी प्रश्नचिन्ह आहे ते बघा, नाहीतर लोक दोन परिच्छेद रामकहाणी लिहितात आणि विचारायचं काय होतं तेच राहून जातं. आणि एका धाग्यात एकच प्रश्न, ‘जाता जाता अजून एक’ नको, त्या जाता-जाता वाल्यावरच सगळी चर्चा जाते.

बटण दाबायच्या आधी फोटो आणि स्क्रीनशॉटवरून एकदा नजर फिरवा. फोन नंबर, पत्ता, खाते क्रमांक झाकलेत का. मोबाइलच्या मूळ फोटो फाइलमध्ये तो कुठे काढला तेही साठवलेलं असू शकतं, बरीच संस्थळं ते काढून टाकतात पण सगळी नाही. आणि प्रश्न टाकल्यावर कोणी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून ‘मी सोडवून देतो, फक्त ओटीपी सांगा’ म्हणालं तर उत्तर न देता थेट अ‍ॅडमिनला कळवा.

टाकल्यानंतर

थांबा. निदान एक दिवस. ज्याला उत्तर येतं तो कदाचित पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला झोपलेला असेल. दहा मिनिटांनी ‘कोणीच सांगत नाही का?’ लिहून धागा वर काढू नका, जाणकाराला शोधून व्यनि करू नका, आणि तोच प्रश्न चार ग्रुपांत एकदम टाकू नका. टाकलाच तर प्रत्येक ठिकाणी बाकीच्यांच्या लिंक द्या, म्हणजे एका ठिकाणी सुटलेलं गणित दुसरीकडे कोणी तासभर सोडवत बसणार नाही.

पहिला प्रतिसाद बहुतेक वेळा तुटक असतो. ‘सुई कुठली?’ दोन शब्द. यात अपमान काही नाही, तो माणूस कामाला लागलाय, सुईचं नाव सांगा. जुन्या धाग्याची लिंक मिळाली तर ती उघडून खरंच वाचा, आणि तुमचं वेगळं असेल तर ‘हे वाचलं, पण त्यांचं सुती कापडावर होत होतं’ असं लिहा. कोणी खरंच खवचट बोललं तर त्या एका प्रतिसादाला उत्तर देऊ नका, बाकीच्यांशी बोलत राहा, नाहीतर तुमच्या सुईचा प्रश्न राहील बाजूला आणि अवांतराचं गुऱ्हाळ सुरू होईल. रागाचं उत्तर रात्रभर ठेवून सकाळी पाठवा हेही त्या १९९५ च्या टिपणात आहे, आणि त्यातलं हे कलम मला अजून एकदाही चुकीचं वाटलेलं नाही.

विनोद आणि टोमणे सुरुवातीला टाळा. लिहिलेल्यात आवाजाचा चढउतार येत नाही, ही अडचण इतकी जुनी आहे की १९ सप्टेंबर १९८२ ला कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फालमन यांनी कोलन, आडवी रेघ आणि कंस जोडून हसरा चेहरा सुचवला तो याचसाठी, गंमत कुठली आणि गंभीर कुठलं ते कळावं म्हणून. लोक तुम्हाला ओळखायला लागले की मग करा काय ते.

उत्तरं आल्यावर मूळ प्रश्न बदलू नका. खालचे प्रतिसाद वेड्यासारखे दिसायला लागतात. भर घालायची तर शेवटी ‘ताजा कलम’ म्हणून घाला. आणि काम झाल्यावर प्रश्न उडवणाऱ्यांवर माझा खास राग आहे, लोकांनी वेळ घालवून लिहिलेलं तुमच्या एका क्लिकने जातं.

सुटल्यावर

परत या. ‘झालं, धन्यवाद’ एवढं लिहून पळू नका, काय केल्याने झालं ते त्याच धाग्यात लिहा: कुठल्या नावाची सुई, कितव्या नंबरची, टेन्शन पुन्हा जागेवर आणलं की तसंच ठेवलं. दोन गोष्टी एकदम बदलल्या असतील तर तसं सांगा, कारण नक्की कशाने फरक पडला ते तुम्हालाही माहीत नाही. आणि नाही सुटलं तर तेही लिहा, ‘स्ट्रेच सुई घातली, तरी सुटतायत’, म्हणजे ज्याने सुचवलं तो पुढचं सांगेल.